डिजिटल साहेबांना पाचपैकी किती

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत मला एका माणसाला तारे देण्याचं काम मिळालं. कागदावर पाच मुद्दे छापलेले होते आणि प्रत्येक मुद्द्यापुढे पाच पोकळ तारे. काम जितकं चांगलं, तितके तारे पेनानं भरून काळे करायचे. खाली सही, नाव, हुद्दा. ज्या माणसाचं मूल्यमापन करायचं तो माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान आणि हुद्द्यानं कितीतरी वर होता. मी त्याला ‘सर’ म्हणायची, तो मला ‘मॅडम’ म्हणायचा.

वसईतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी तीसेक वर्षं केसपेपर विभागात काढली. आमचं घर वाडीवाल्यांचं, केळी आणि सोनचाफ्याचं. घरातली नोकरीला बाहेर पडलेली पहिली बाई मीच, त्यामुळे नोकरी म्हणजे काय, ती कशी करायची, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी आपली वाडीतल्यासारखीच करत गेले. रोज सगळीकडे एक फेरी मारायची, कुठे काय सुकलंय ते बघायचं.

त्या फेरीतलंच एक काम होतं रिपोर्टांचं. रुग्णांचे तपासणीचे रिपोर्ट माझ्या खिडकीतून दिले जायचे. गाठीचा तुकडा काढून तपासलेला असेल आणि त्यात काही वाईट निघालं, तर पॅथॉलॉजीचे म्हातारे डॉक्टर रिपोर्टच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारून पाठवत. ती रेघ त्यांना आणि मलाच कळायची. तसा रिपोर्ट आठवडाभर कोणी न्यायला आलं नाही, की मी माणूस शोधायला लागायची. पत्त्यावर कार्ड टाकायचं, गावातल्या दुकानात फोन लावायचा, त्या बाजूला राहणाऱ्या आयाबाईंकडे निरोप द्यायचा. एकदा निर्मळच्या एका म्हातारबुवांना मी रविवारी घरी जाऊन रिपोर्ट दिला होता. हे काम मला कोणी सांगितलेलं नव्हतं. वहीत त्याला रकानाही नव्हता.

मग ट्रस्टनं सगळं डिजिटल करायचं ठरवलं आणि त्यासाठी एक प्रमुख नेमला. दारावरच्या पाटीवर इंग्रजीत लांबलचक पद होतं. आम्ही सगळे ‘डिजिटल साहेब’ म्हणायचो. चाळिशीच्या आतला, मोठ्या कंपन्यांत काम करून आलेला, पण मूळचा इथलाच, नायगावकडच्या मिठागराच्या एका गावातला. आजोबा मिठागरावर फावडं ओढायचे, आपल्या माणसांसाठी परत आलोय, असं त्यानं पहिल्याच सभेत सांगितलं. मला ते आवडलं. खोटं कशाला सांगू, मला तो माणूसच आवडला. मी त्याच्या खोलीत गेले की तो खुर्चीवरून उठायचा. आमच्याकडे डॉक्टरसुद्धा उठत नाहीत.

आणि त्यानं काम केलं. पूर्वी विरारहून, नालासोपाऱ्याहून माणसं पहाटे येऊन टोकनसाठी फाटकाबाहेर वर्तमानपत्र अंथरून बसायची. त्यानं मोबाइलवर वेळ घ्यायची सोय केली आणि वर्षभरात ती रांग गेली. गरोदर बायका उभ्या राहायच्या, त्या बसून राहायला लागल्या. हे त्याचं श्रेय आहे, आणि ते मी आजही काढून घेणार नाही. मला राग असला तरी.

नवी नोंदणी सुरू झाली त्या पहिल्याच आठवड्यात अडचण आली. कॉम्प्युटरवर रुग्णाची माहिती भरताना मोबाइल नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. आणि खिडकीसमोर उभ्या असलेल्या बऱ्याच माणसांकडे मोबाइल नव्हता. म्हातारी माणसं, वीटभट्टीवरची माणसं, घरात एकच फोन आणि तो नवऱ्याच्या खिशात असलेल्या बायका. माझ्या विभागातल्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मागे रांग वाढत होती. मी साहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तूर्त कुठलाही चालू नंबर टाका मॅडम. दुसऱ्या टप्प्यात त्याची सोय करतो.”

कुठलाही चालू नंबर म्हणजे कोणता, हे मी ठरवलं. आमच्या विभागाला चौकशीसाठी ट्रस्टनं दिलेला एक मोबाइल होता. त्याचा नंबर मी कागदाच्या चिठ्ठीवर लिहिला आणि प्रत्येक कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवला. ज्याच्याकडे नंबर नाही, त्याच्या नावापुढे हा टाकायचा. रांग पुढे सरकली. त्या दिवशी मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं होतं, हे मला नीट आठवतं.

पुढे रिपोर्टही मोबाइलवर जायला लागले. कागद बंद झाला, माझी वही बंद झाली, आणि लाल रेघ मारणारे डॉक्टर निवृत्त झाले. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांचे रिपोर्ट अर्थातच आमच्या त्या विभागाच्या मोबाइलवर यायचे. दिवसभर त्याची पिपाणी वाजत राही. मुली कंटाळल्या, म्हणून त्याचा आवाज बंद करून तो खणात ठेवला, चार्जर लावून. पहिले दोन-तीन महिने मी दर शनिवारी तो काढून बसायची, रिपोर्ट छापून घ्यायची, त्या-त्या माणसाच्या नावानं बाजूला ठेवायची. मग माझ्या सुनेचं बाळंतपण आलं. मग विभागातल्या दोन मुली सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. कुठल्या तरी एका शनिवारी ते राहून गेलं. मी ठरवून सोडलं असं नाही. कुठल्या शनिवारी, तेही मला आठवत नाही.

साहेबांच्या खोलीत भिंतीवर एक मोठा पडदा होता. त्यावर रुग्णालयातली सगळी कामं रंगीत पट्ट्यांत दिसायची. ‘रिपोर्ट पोहोचले’ ही पट्टी जवळपास टोकापर्यंत हिरवी असे. बाहेरून पाहुणे आले की त्यांना आधी तो पडदा दाखवायचे.

वर्षाच्या शेवटी साहेबांच्या कामाचं मूल्यमापन करायला तिघांची समिती नेमली. ट्रस्टचे अध्यक्ष, रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षक असलेल्या बाई आणि कर्मचाऱ्यांमधली एक अनुभवी व्यक्ती म्हणून मी. मला मान वाटला. रिपोर्ट पोहोचण्याच्या मुद्द्यावर मी चार तारे भरले. पाचवा का नाही भरला, असं मला कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. सगळेच पूर्ण देऊ नयेत, एवढंच.

दुसऱ्या वर्षीची बैठक दोन दिवसांवर आली होती, तेव्हा ती बाई आली.

दुपारच्या जेवणाची वेळ होती. मी आत डबा उघडून बसले होते. बाहेर खिडकीवर एक बाई मुलीला विचारत होती, “माझा रिपोर्ट आला का बघा ना. मेसेज तर आलाच नाही.” मुलीनं बघितलं आणि म्हणाली, “अहो, पोहोचलाय म्हणून दाखवतंय.” त्यावर ती बाई म्हणाली, “कुणाला?”

तिनं ते भांडून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी डबा तसाच ठेवून उठले आणि कॉम्प्युटरवर बघितलं. तिच्या नावापुढे आमचाच नंबर होता. खण उघडला. मोबाइल चार्जरला लावलेला होता, पडदा काळा. चालू केला तर तो उघडायलाच बराच वेळ लागला, इतकं त्यात साठलं होतं. तिचा रिपोर्ट सापडला तेव्हा आधी मी तारीख बघितली. अडीच महिन्यांपूर्वीची. मग खालची ओळ वाचली. ती वाचायला मला डॉक्टर असण्याची गरज नव्हती, आयुष्यभर तेच शब्द मी वाचत आले होते. छातीतल्या गाठीचा तुकडा होता.

बाईचं वय चाळीसच्या आसपास. मूळची लातूरकडची, तुळिंजला भाड्याच्या खोलीत राहायची, वालीवच्या एका कारखान्याच्या गाळ्यात प्लास्टिकची झाकणं निवडायचं काम करायची. नवरा टेम्पोवर. फोन त्याच्याकडे. मी तिला आत बोलावून बसवलं. ती म्हणाली की मधे एकदा ती येऊन गेली होती, तेव्हा खिडकीवर तिला सांगितलं होतं, रिपोर्ट आला की मेसेज येईल. “मग मेसेज नाही आला, तर मला वाटलं काही नसेल,” ती म्हणाली. “असतं तर कळवलं असतं ना तुम्ही लोकांनी.”

आता का आलीस, असं मी विचारलं. गाठ मोठी झाली होती आणि झाकणं निवडताना हात वर केला की कळ यायची, म्हणून.

मी तिला हाताला धरून थेट अधीक्षक बाईंकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट वाचला, तारीख वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मग तिला समजेल अशा शब्दांत त्यांनी सांगितलं, मुंबईच्या मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली, उद्याच जा म्हणाल्या. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “उशीर झालाय का?”

“आता उशीर करू नका,” डॉक्टर बाई म्हणाल्या.

ते दोन दिवस मी आणि उरलेल्या दोन मुली तो मोबाइल घेऊन बसलो. रिपोर्ट मोजायला घेतले आणि मग मोजणं सोडून दिलं. लाल रेघ नव्हती, त्यामुळे प्रत्येक उघडून वाचावा लागत होता. बरेचसे साधे होते, रक्त-लघवीचे. बरीच माणसं कधीतरी येऊन डॉक्टरांना भेटून गेलेली होती. पण काही राहिलेली होती. त्यांचे पत्ते काढले, आयाबायांना रिक्षानं पाठवलं. एका घरून आयाबाई परत आली आणि तिनं रिपोर्ट माझ्या टेबलावर तसाच ठेवला. “बाबा गेले म्हणाली त्याची लेक. आता नको म्हणाली.” त्या माणसाचा रिपोर्ट वेळेवर मिळाला असता तर काही वेगळं झालं असतं का, हे मी डॉक्टर बाईंना विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मला उत्तर नको होतं.

बैठक ट्रस्टच्या खोलीत होती. साहेबांनी तासभर सादरीकरण केलं. आलेख, गेल्या वर्षीचं आणि या वर्षीचं, रुग्णांच्या प्रतिक्रिया. चांगलं बोलायचा तो, कुणालाही कमीपणा न आणता. मग अध्यक्षांनी आमच्यापुढे कागद ठेवले. मी रिपोर्टांच्या मुद्द्यापुढे एकही तारा न भरता तो मोबाइल पर्समधून काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. पहिल्या आठवड्यातल्या फोनपासून तुळिंजच्या बाईपर्यंत. पडद्यावरची हिरवी पट्टी या मोबाइलमुळे हिरवी आहे, असं मी म्हणाले.

अध्यक्षांनी विचारलं, “हा नंबर टाकायला कोणी सांगितलं?”

“मी सांगितलं.”

“मग यात डिजिटलचा संबंध कुठे येतो?”

मी साहेबांशी झालेलं बोलणं पुन्हा सांगितलं. अध्यक्षांनी त्यांच्याकडे बघितलं. साहेब आपल्या लॅपटॉपकडे बघत होते. “मला तसा संवाद झाल्याचं आठवत नाही,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच नम्र.

‘संवाद’ हा शब्द माझ्या मनात अजून रुतून बसलाय. खोटं बोलायला माणूस असा स्वच्छ शब्द का निवडतो कुणास ठाऊक.

अधीक्षक बाई म्हणाल्या की मोबाइल नसलेल्यांची काहीतरी सोय आधीपासूनच असायला हवी होती. त्यावर अध्यक्ष हसले, वाईट हेतूनं नाही, खरंच नवल वाटल्यासारखे. “डॉक्टर, आजकाल कोणाकडे मोबाइल नाही?” ते बांधकामातले मोठे गृहस्थ. त्यांच्या ओळखीत खरंच कोणी नसेल तसं. अधीक्षक बाईंनी आपला कागद पुढे ओढला. नव्या इमारतीचं उद्घाटन तोंडावर होतं, पाहुणे ठरलेले होते, आणि ज्या पडद्यासमोर पाहुणे उभे राहणार होते त्याबद्दल त्या खोलीत बोलायला कोणालाच नको होतं.

अध्यक्षांनी मग मला समजावलं. ओरडून नाही, ताई-ताई करून. म्हणाले, ही चूक गंभीर आहे, पण ती तुमच्या विभागाची अंतर्गत बाब आहे. मी तुमच्या इतक्या वर्षांच्या सेवेकडे बघून ती फार ताणणार नाही, एखाद्या मेमोवर भागवू. पण इथे आपण या साहेबांच्या कामाचं मूल्यमापन करायला बसलोय. त्यात हे आणू नये. त्यांनी इतिवृत्त सांगितलं आणि टंकलेखकानं ते तिथेच टाइप केलं. रिपोर्ट वितरणाचा मुद्दा केसपेपर विभागाच्या अंतर्गत त्रुटीशी संबंधित असल्यानं तो या मूल्यमापनातून वगळण्यात येत आहे.

उरलेल्या चार मुद्द्यांवर त्या दोघांनी पाच-पाच तारे भरले. मी चार-चार भरले. टोकनची रांग खरंच गेली होती. सरासरी उत्तम आली. मग इतिवृत्त फिरत माझ्यापुढे आलं आणि मी सही केली.

का केली, याची दोन कारणं आहेत. एक मी त्याच दिवशी घरी नवऱ्याला सांगितलं. निवृत्तीला सहा महिने राहिले होते, आता या वयात चौकशी, वकील, कचेऱ्या कोण करणार. तो म्हणाला, बरोबर केलंस. दुसरं कारण मी पुष्कळ दिवस स्वतःलाही सांगितलं नाही. तो मुद्दा वगळायचं ठरलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. त्या मुद्द्यावर साहेबाचं मूल्यमापन झालं असतं, तर माझंही झालं असतं.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास साहेब माझ्या विभागात आला. मुली निघाल्या होत्या. यापूर्वी तो कधी आमच्याकडे येऊन बसला नव्हता. रुग्णांच्या बाकावर बसला. मग त्यानं आपल्या फोनवर मला एक मेल काढून दाखवला. अध्यक्षांना पाठवलेला, पहिल्याच वर्षीचा. मोबाइल नसलेल्या रुग्णांसाठी वेगळी सोय करू द्या, एक माणूस जादा द्या, असं त्यात लिहिलं होतं. खाली अध्यक्षांचं उत्तर एका ओळीचं होतं, बैठकीत ऐकलं तेच, आजकाल कोणाकडे मोबाइल नाही.

“मग तू तिथे हे का नाही दाखवलंस?” मी विचारलं. पहिल्यांदाच मी त्याला अरे-तुरे केलं होतं आणि दोघांच्याही ते लक्षात आलं.

“माझा करार त्यांच्याच सहीनं वाढनार, मावशी,” तो म्हणाला. दोन वर्षं ऐकलेली ती कार्यालयातली मराठी गेली होती, त्याच्या गावची बोली आली होती. मला त्याचा आणखीच राग आला. आपलेपणा आता आठवला होता त्याला.

मी त्याला म्हणाले, तुझ्या त्या पडद्यावर सगळं दिसतं ना. एकाच नंबरवर शेकड्यांनी रिपोर्ट जातायत, हे नाही दिसलं?

त्यानं मान खाली घातली. “दिसत होतं.”

“मग?”

“विचारलं असतं तर तो आकडा खाली आला असता. आनि मग कोनी ऐकलं असतं माझं?”

मला बोलायला तोंड होतं कुठे. तो रोज पडदा बघत होता आणि मी रोज खणाशेजारी बसत होते. त्याला आकडा खाली यायला नको होता, मला शनिवार नको होता. फरक एवढाच की त्याला त्याबद्दल तारे मिळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास त्याचा फोन आला. नोंदणीच्या पानावर आता नवीन चौकट आहे, म्हणाला. ‘मोबाइल नाही’ अशी. त्यावर खूण केली की पुढचं पान उघडतं, आणि त्या माणसाचा रिपोर्ट छापायला वेगळा येतो, कोणी नेला नाही तर आठवण करून देतो. मी विचारलं, हे करायला किती वेळ लागला. “दुपारभर,” म्हणाला.

दोन वर्षं दुसऱ्या टप्प्याची वाट बघितलेलं काम दुपारभराचं होतं. माणूस नको, परवानगी नको, काही नको. एका माणसानं जेवण झाल्यावर बसायला हवं होतं. मी फोन ठेवला, ते पान उघडलं आणि त्या चौकटीवर बोट ठेवून बसले. अगदी साधी चौकोनी चौकट, डाळिंबाच्या दाण्याएवढी.

मेमो आठवड्यानं आला, दोन ओळींचा. मी तो घेतल्याची सही केली. नव्या इमारतीचं उद्घाटन थाटात झालं, पाहुण्यांना पडदा दाखवला. वर्षाच्या आत डिजिटल साहेब मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालय समूहात वरच्या पदावर गेले. त्यांच्या निरोप समारंभाला मी नव्हते, पण मला मुलींनी सांगितलं की केसपेपर विभागाच्या सहकार्याचा त्यांनी खास उल्लेख केला. माझ्या निवृत्तीला अध्यक्षांनी शाल-श्रीफळ दिलं आणि संस्थेच्या स्मरणिकेत माझ्या प्रामाणिक सेवेवर चार ओळी आल्या. ती स्मरणिका मी घरी आणली नाही.

निवृत्तीनंतर मी तुळिंजला त्या बाईकडे गेले. मुंबईत तिची शस्त्रक्रिया झाली होती, पुढचे उपचार चालू होते. वाडीतली केळी घेऊन गेले होते, कसं जायचं रिकाम्या हातानं. दुपारची वेळ, नवरा कामावर, ती खाटेवर बसून मेथी निवडत होती. डोक्याला ओढणी बांधलेली. गाळ्यातलं काम गेलं होतं, महिनाभर वाट बघून मालकानं दुसरी बाई ठेवली. तिनं मला पाणी दिलं, बसायला जागा करून दिली. त्या दिवशी तुम्ही हाताला धरून डॉक्टरांकडे नेलंत म्हणून सगळं झालं, नाहीतर मी परत गेलेच असते, असं म्हणाली. शेजारणीला हाक मारून तिनं माझी ओळख करून दिली, या त्या रुग्णालयातल्या ताई.

शेजारीण गेल्यावर मी तिला सांगितलं. तो नंबर आमच्या विभागाचा होता, तो टाकायला मीच सांगितला होता, आणि तुझा रिपोर्ट अडीच महिने माझ्या हाताशी असलेल्या खणात पडला होता. साहेबांचं, अध्यक्षांचं काही सांगितलं नाही. सांगायचं ठरवून गेले होते, पण तिच्यासमोर ते सगळं पळवाटेसारखं वाटलं.

ती मेथी निवडत राहिली. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. मग म्हणाली, “हे मला कशाला सांगितलं?”

मी म्हणाले, तुला कळायला हवं होतं.

“कळलं,” ती म्हणाली. “आता मी काय करू त्याचं?”

तिनं उत्तराची वाट बघितली नाही, मेथीची पुढची जुडी सोडली. मी थोडा वेळ बसले आणि निघाले. दारापर्यंत ती आली नाही.

त्यानंतर मी दोनदा तिच्या नवऱ्याच्या नंबरवर फोन केला. पहिल्यांदा त्यानं सांगितलं, बरी आहे, उपचार चालू आहेत. दुसऱ्यांदा म्हणाला, ती बोलणार नाही म्हणतेय, आणि जरा ओशाळून फोन ठेवला.

मागच्या महिन्यात तुळिंजच्या बाजारात मला ती दिसली. केस परत आले होते, आखूड, पोरासारखे. बारीक झाली होती, पण चालत होती झपाझप. भाजीची पिशवी डाव्या हातात, उजवा हात अंगाशी धरलेला. मला बघून ती थांबली. तिनं मला ओळखलं, हे मला स्पष्ट दिसलं. मी हात वर केला. ती भाजीवालीकडे वळली, कोथिंबिरीची जुडी उचलून बघितली, भाव विचारला आणि गर्दीतून पुढे निघून गेली.